भरीव बंदुकीत दिवा आणि आवाज बसवताना: माझा अनुभव

आमच्या बालनाट्यात परग्रहावरून आलेल्या मुलीच्या हातात एक किरण-बंदूक आहे. पूर्वी ती पोकळ फायबरची असायची आणि तालमीत पडून तडकायची. म्हणून आमच्या प्रॉपर्टीवाल्या, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू बनवणाऱ्या काकांनी सिलिकॉनचा साचा करून ती पॉलियुरेथेन रेझिनमध्ये सबंध भरीव ओतली. कितीही वेळा पडली तरी तिला काही होत नव्हतं. मग दिग्दर्शक ताई म्हणाल्या, "दादा, ट्रिगर दाबला की शेवटच्या रांगेतल्या मुलाला उजेड दिसला पाहिजे. आणि आवाज हिच्यातूनच यायला हवा." काकांनी बंदूक माझ्या हातात ठेवली. सहाशे ग्रॅमच्या त्या ठोकळ्यात वायर जाईल एवढीही फट नव्हती.

मी सुरुवात सामानापासून केली नाही, कागदापासून केली. बंदुकीची बाजूची आकृती मूळ मापात काढली आणि सेल, दिवा, स्पीकर, ट्रिगर यांची जागा त्यावर आखली. भरीव वस्तूत हे टाळता येत नाही. पोकळ डब्यात सामान इकडेतिकडे सरकवता येतं, इथे मात्र एकदा पाडलेलं भोक हलत नाही. कमीत कमी चार-पाच मिलिमीटर भिंत सगळीकडे राहील, असं ठरवूनच रेघा मारल्या. बंदूक उभी कापून दोन फाका करायच्या, हा पहिला विचार होता. पण पडल्यावर सगळा मार जोडावर येणार आणि भरीव ओतण्याचा हेतूच संपणार. त्यामुळे तीनच उघडी तोंडं ठेवली: मुठीच्या तळातून सेल, नळीच्या तोंडातून दिवा आणि एका बाजूला झाकण, ज्याच्या आड बंदुकीच्या पोटात बाकीचं सामान.

सेलबद्दल माझं मत पक्कं आहे. लिथियमची बॅटरी छोटी असते, ताकदवान असते, पण मुलांच्या हातात सतत पडणाऱ्या वस्तूत ती मला नको होती. शिवाय प्रयोग तालुक्याच्या गावी असला की चार्जर शोधत कोण बसणार? छोट्या टॉर्चमध्ये तीन छोटे पेन्सिल सेल धरणारं गोल काडतूस येतं, तेच घेतलं. साडेचार व्होल्ट मिळतात आणि सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

त्या काडतुसासाठी मुठीत २५ मिलिमीटरचं, सपाट तळाचं खोल भोक हवं होतं. सुतार कपाटाच्या ऑटो हिंजसाठी ३५ मिलिमीटरचा जो फोर्स्टनर बिट वापरतात, त्यातलाच लहान मापाचा आणला. मूठ तिरकी असल्याने आधी लाकडाचा आधार तासून घेतला आणि बंदूक त्यात उलटी आवळली, म्हणजे ड्रिल मशीनचा दांडा मुठीच्या अक्षात सरळ उतरेल. इथे रेझिनचा स्वभाव कळला. वेग वाढवला की ते तापतं, रबरासारखं मऊ होतं आणि बिटला चिकटून बसतं. म्हणून मशीन सगळ्यात कमी वेगावर ठेवायचं, थोडं खाली जायचं, बाहेर यायचं, कीस झटकायचा, गार होऊ द्यायचं. मधेच ओतताना अडकलेला हवेचा बुडबुडा लागला की बिट उडी मारतो, त्यामुळे पकड सैल ठेवून चालत नाही. हा कीस बारीक आणि वाईट असतो. एन-९५ मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय मी मशीन सुरूच केलं नाही, आणि घासकाम पाण्यात केलं.

सगळ्यात कठीण काम मुठीतून पोटापर्यंत वायरची वाट काढण्याचं. सहा मिलिमीटरचा लांब बिट दोन्ही बाजूंनी आत घालत मधे गाठायचं होतं. कागदावरची रेघ बंदुकीच्या दोन्ही अंगांवर उतरवून घेतली होती, तिच्याकडे बघत बघत कोन धरला. भिंत किती उरली हे कळायची एक छान युक्ती सापडली. फिकट रंगाचं रेझिन पातळ झालं की उजेड आरपार दाखवतं. अंधार करून भोकात टॉर्च धरायचा. जिथे जास्त उजळ दिसेल तिथे आणखी खरवडायचं नाही. अर्थात हीच गोष्ट पुढे त्रासाची होणार होती, कारण बंदुकीच्या पोटातून भलतीकडेच उजेड झिरपला असता. म्हणून आतल्या सगळ्या भिंतींना काळा रंग दिला.

झाकणाचा काप मूळ नक्षीच्या खाचेतून घेतला, म्हणजे सांधा दिसत नाही. करवतीचं पातं पाऊण-एक मिलिमीटर माल खातं, तेवढी प्लास्टिकची पट्टी कडेला चिकटवून भरून काढली. थ्रीडी प्रिंटमध्ये स्क्रूसाठी आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट तापवून दाबतात, ते इथे चालत नाही. हे रेझिन वितळत नाही, करपतं. भोक पाडून ॲराल्डाइटमध्येच ते बसवावे लागतात. त्यात स्क्रू आले आणि झाकण कितीही वेळा उघडता येऊ लागलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नाटकातली वस्तू विंगेत, अंधारात, दोन प्रवेशांच्या मधे दुरुस्त करायची वेळ येते. आतलं सामान रेझिन ओतून कायमचं गाडलं तर त्या वेळी काहीच करता येत नाही.

बाकी सामान पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळालं. शेवटच्या रांगेसाठी नेहमीचा पाच मिलिमीटरचा एलईडी पुरत नाही, एक वॅटचा लागतो. पण तो तापतो आणि रेझिन उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून नळीच्या तोंडात १९ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप बसवला आणि आतून त्याला घट्ट टेकेल अशा चकतीवर एलईडी लावला. पाइप उष्णता ओढून घेतो आणि दिसतोही खऱ्या यंत्राच्या तोंडासारखा. साडेचारातून एलईडीचे सव्वातीन गेले की सव्वा व्होल्ट उरतो. ४.७ ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर लावला की पाव ते एक तृतीयांश अँपिअरच्या मधे प्रवाह राहतो.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी हे बोटाच्या पेराएवढं मॉड्यूल घेतलं. मेमरी कार्डावर आवाजाची फाइल टाकायची आणि त्याची एक पिन ग्राउंडला टेकवायची, की पहिली फाइल वाजते. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम करायची वेगळी चिप, लागतच नाही. ओतीव ट्रिगर कापून पितळी सळईवर फिरता केला आणि त्याच्यामागे दोन मायक्रोस्विच शेजारी-शेजारी लावले, एक दिव्याचा, एक आवाजाचा. पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, नाहीतर दिवा पेटताना आवाज खरखरतो. मॉड्यूल जागं व्हायला एखादा सेकंद घेतं, म्हणून मुख्य बटण प्रवेशाआधी विंगेतच सुरू करायचं, हे त्या मुलीला शिकवलं. सोल्डरिंग सगळं बाहेर पुठ्ठ्यावर केलं आणि आत फक्त कनेक्टर जोडले, कारण त्या अरुंद पोटात तापलेलं सोल्डरिंग आयर्नचं टोक नेणं म्हणजे भिंत जाळणं.

स्पीकर २८ मिलिमीटरचा. तो मुठीकडे तोंड करून बसवला असता तर हाताखाली दबला असता, म्हणून मागच्या बाजूला ठेवला आणि त्याच्यामागे बंद पोकळी सोडली. सभागृह भरेल इतका आवाज तो देत नाही. तेवढ्यासाठी संगीतवाला आहेच. पण पहिल्या काही रांगांना आवाज बंदुकीतून येतो हे कळतं, आणि त्या मुलीचा हात आवाजाबरोबर दचकतो. तो दचका कुठल्याही तालमीत शिकवता आला नसता.

वजनाची मला काळजी होती, पण कोरून काढलेलं रेझिन आणि आत गेलेलं सामान जवळपास सारखंच भरलं. उलट सेल मुठीत आल्याने तोल हाताकडे सरकला आणि बारा वर्षांच्या मुलीला ती धरायला सोपी झाली. रंग मुद्दाम निळा-केशरी ठेवला. एसटीने जाताना कुणाला खऱ्या हत्याराचा भास व्हायला नको.

आता काका दुसरी बंदूक ओतणार आहेत. त्यांना मी मुठीच्या आणि नळीच्या मापाचे दोन गुळगुळीत पाइप मेण लावून दिले आहेत. साच्यात ते उभे करून भोवती रेझिन ओतायचं आणि घट्ट झाल्यावर ओढून काढायचे. पोटाची पोकळी आणि मधली वाट तेवढी हातानेच कोरावी लागेल.