बोटीच्या डिझेल टाकीला काटा बसवला, त्याचा माझा अनुभव

सुवर्णदुर्गाचा तट समोर दिसत होता आणि आमचं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. टाकीत डिझेलच नव्हतं. सकाळीच खलाशाने पट्टी घालून बघितलं होतं. "अर्धी हाय," म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं, पट्टी अर्धीच भिजली होती. पण आमची टाकी बोटीच्या पोटाच्या आकाराची, वर रुंद आणि खाली निमुळती. ४०० लिटरच्या त्या टाकीत अर्ध्या उंचीवर २०० लिटर नसतात, जेमतेम १५० असतात. त्यातले तळाचे २५ इंजिनाला मिळतच नाहीत, कारण ओढणारा पाइप तळापासून थोडा वर आहे. म्हणजे हिशोब धरला २०० चा आणि हाती होते १२५.

शेजारच्या वाडीतल्या बोटीने दोरी टाकून आम्हाला हर्णै बंदरात आणलं. बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, माझे सख्खे मामा. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, त्या दिवशी बंदरात पाय ठेवल्यावर कुणाशी बोलले नाहीत. टाकी भरूनही इंजिन लगेच लागलं नाही. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ती फिल्टरपासून पंपापर्यंत एकेक नट सैल करून काढावी लागते. त्यात दुपार गेली. त्याच संध्याकाळी ठरवलं, येत्या बंदीत टाकीला डिझेल किती आहे ते दाखवणारा काटा बसवायचा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, म्हणजे हाताशी दोन महिने होते. टाकी बाहेर काढली, रिकामी करून धुतली, वरच्या पत्र्याला भोक पाडलं. हे सगळं आठवड्यात झालं. (वेल्डिंगचं काम असेल तर टाकी नीट धुऊन, आतली वाफ पूर्ण काढल्याशिवाय कुणालाही मशाल लावू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातकी असते.)

मग मुंबईच्या एका दुकानातून सामान आणलं. टाकीत बसणारा तरंग्याचा सेंडर (डिझेलची पातळी वायरीतून काट्याला कळवणारा भाग) आणि केबिनमध्ये लावायचा काटा, दोन्ही मिळून साडेतीन हजार. मी दुकानदाराला टाकीची खोली सांगितली, बॅटरी १२ व्होल्टची आहे हे सांगितलं. त्याने दोन खोकी काढून दिली. "लावा आणि विसरा," म्हणाला.

लावलं. टाकीत ४० लिटर टाकले, काटा थेट 'भरली' च्याही पलीकडे गेला. आणखी १०० टाकले, काटा खाली यायला लागला. टाकी गच्च भरली तेव्हा काटा 'रिकामी' च्या जवळ येऊन बसला.

दुकानात फोन केला. "तुमच्या वायरमनने वायरी उलट्या जोडल्यात." बदलून बघितल्या, काटा तसूभरही वेगळा चालला नाही. पुन्हा फोन. "मग अर्थिंग नीट नसेल." आमची बोट फायबरची, तिच्या अंगातून अर्थिंग मिळतच नाही. म्हणून आम्ही आधीच सेंडरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढली होती. तेही सांगितलं. "मग सेंडर फिरवून बसवा." फिरवणार कसा? त्याच्या चकतीला पाच भोकं असतात आणि ती सारख्या अंतरावर नसतात. ती एकाच पद्धतीने बसते.

रातराणीने मुंबईला गेलो, सामान पिशवीत. दुकानात मालक नव्हता. पोरगा म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी मालकाने सेंडर हातात घेऊन तरंगा वरखाली हलवून दाखवला. "चालतोय की. काटापण चालतोय. दोन्ही माल चांगले आहेत. इलेक्ट्रिकचा माल एकदा लावला की परत घेत नाही." मी म्हटलं, "अहो, दोन्ही चांगले असतील, पण एकमेकांशी जुळत नाहीत ना!" त्यावर बिलाच्या मागे छापलेली ओळ बोटाने दाखवली. काउंटरवर अजून चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मला अडाणी ठरवून मोकळा झाला. परतीच्या गाडीत झोप लागली नाही. दोन दिवस, जाण्यायेण्याचा खर्च, आणि जुलैचा पहिला आठवडा संपलेला.

उत्तर दापोलीतच होतं. माझा आतेभाऊ तिथे रिक्षा-टेम्पोचं वायरिंग करतो. त्याला दाखवलं, तर त्याने आधी मल्टिमीटर काढला. "दादा, तरंगा खाली धर." मीटरवर २४० ओहम. "आता वर उचल." ३३ ओहम. मग काट्याची मागची बाजू बॅटरीच्या उजेडात धरली. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं, १०-१८०.

सगळा घोळ एवढाच होता. सेंडर म्हणजे तरंग्याबरोबर बदलणारा रोध. अमेरिकी पद्धतीच्या सेंडरमध्ये टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरली की ३३. युरोपी पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरल्याला १८०. दोन्हींची चाल उलटी. मला दुकानदाराने एका पद्धतीचा सेंडर आणि दुसऱ्या पद्धतीचा काटा दिला होता. वायरी बदलून काही झालं नाही, कारण रोधाला उलटसुलट असं काही नसतंच. रोज हाच माल विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. आणि खरंच ठाऊक नसेल, तर त्याने तो विकू नये. त्या काट्याच्या भरवशावर माणसं समुद्रात जातात. मी तो काटा तसाच ठेवला असता, तर टाकी संपत आली तेव्हाच तो भरलेली दाखवत राहिला असता.

त्या दुकानात पुन्हा गेलो नाही. रत्नागिरीतून २४०-३३ चा काटा घेतला, १,२०० रुपये. पैसे देण्याआधी खोक्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि बिलावर लिहून घेतला. तुम्हीही घ्या. काटा आधीच हाती असेल आणि त्यावर आकडा नसेल, तर पाच मिनिटांत ओळखता येतो. सेंडरची वायर सोडून चावी चालू करा. काटा रिकाम्याकडे गेला तर २४०-३३ चा, भरल्याकडे गेला तर १०-१८० चा. आतेभावाने माझ्यासमोर दोन्ही काट्यांवर करून दाखवलं.

तरीही काटा बसला म्हणजे काम झालं असं नाही. तो उंची दाखवतो, लिटर नाही. म्हणून आम्ही रिकाम्या टाकीत २० लिटरचा कॅन मोजून ओतत गेलो आणि दर कॅनला सागवानी पट्टीवर करवतीने खाच पाडली. वीस कॅन, वीस खाचा. तळाकडच्या खाचा लांब लांब आल्या, वरच्या जवळ जवळ. मामा पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी अंदाजाने चाललो." खाचा बघून काट्याच्या काचेवर मार्करने लिटर लिहिले. पाव, अर्धी हे शब्द आमच्या बोटीवर आता कुणी वापरत नाही.

पट्टीचं अजून एक. बांबूची पट्टी घेऊ नका, डिझेल तिच्यात मुरतं आणि खूण वर चढते. पट्टीला खडू घासून मग बुडवा, ओली रेघ स्वच्छ दिसते. आणि नेहमी बोट जेटीला सरळ उभी असताना, त्याच भोकातून बघा. मागच्या बाजूला जाळी आणि बर्फ भरला की बोट मागे दबते आणि पट्टी वेगळंच सांगते. पट्टीच्या टोकाला पाणी ओळखण्याची पेस्ट लावली तर तळाला साठलेलं पाणीही कळतं. पावसाळ्यानंतर आमच्याकडे हाताच्या बोटाएवढं निघालं.

तिसरा हिशोब वहीत. आमचं इंजिन १४०० आरपीएमला तासाला साधारण ११ लिटर खातं, १२०० वर आणलं की ७. घाई नसेल तर मामा आता १२०० वरच घरी येतात. जाताना एक तृतीयांश, येताना एक तृतीयांश, उरलेलं वाऱ्यासाठी, हा त्यांचा नियम जुनाच आहे. फक्त तो पाळायला आकडा नव्हता. वायरलेस आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनच्या दारावर आधीपासून आहे, पण डिझेलसाठी त्यांना हाक मारायची वेळ येऊ नये.

एक विसरलो. सेंडरच्या वायरीचे सांधे ग्रीस लावून बंद करा. खाऱ्या हवेने सांधा गंजला की त्याचा रोध वाढतो आणि काटा टाकीत आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. दर महिन्याला आम्ही ते उघडून पुसतो.

ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीवरून बोट परत आली तेव्हा मी जेटीवरच होतो. वहीच्या हिशोबाने १३० लिटर उरायला हवे होते. काट्याने १३५ च्या आसपास दाखवले. मामांनी खडू घासून पट्टी घातली, ओली रेघ सहाव्या आणि सातव्या खाचेच्या मध्ये. पट्टी पुसून त्यांनी ती केबिनमध्ये नकाशाच्या शेजारी टांगली आणि बर्फवाल्याला हाक मारली.