गावाकडे फ्लॅट घ्यायचाय? आधी ते इतके कमी का आहेत ते बघा

गावात फ्लॅट बघतोय म्हटलं की समोरचा माणूस ठरलेलं एकच वाक्य बोलतो, "फ्लॅट कशाला, जागा घे की!" सासऱ्यांनी तर सरळ सांगितलं, "अगं हवेत घर घेऊन काय करणार तू, पाय जमिनीला लागले पाहिजेत." त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. पण आमच्यासारख्या दोघंही नोकरीवाल्यांना प्लॉट घेऊन बांधकाम काढणं म्हणजे गवंडी, सेंट्रिंगवाला, वाळूवाला यांच्या मागे वर्ष-दीड वर्ष घालवणं, त्यात एक-दोन गुंठे घ्यायचे तर तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे विकायला आडकाठी करणाऱ्या कायद्याचा, विषय वेगळाच. म्हणून फ्लॅट. आणि मग कळलं की अख्ख्या गावात इमारती म्हणाव्यात अशा मोजक्याच, त्यातही विकायला असलेले फ्लॅट बोटावर मोजण्याइतके.

इथेच पहिला घोळ होतो. कमी आहेत म्हणजे पटकन घ्या नाहीतर हातचा जाईल, असं बिल्डरही म्हणतो आणि आपल्यालाही वाटायला लागतं. "मॅडम, दोनच राहिलेत" हे शहरात ऐकलं की आपण हसतो, गावात ते खरंच असतं त्यामुळे जास्त घाबरायला होतं. पण माझं आता पक्कं मत झालंय की गावात फ्लॅट कमी असतात कारण घेणारे कमी असतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो घर बांधतो, ज्याच्याकडे नाही तो वाडवडिलांच्या घरात राहतो, मधे उरतात बदलीवाले, शिक्षक, दवाखान्यातले, बँकेतले, आणि त्यातले बहुतेक भाड्याने राहणं पसंत करतात. म्हणजे उद्या आपल्याला विकायचा झाला तर आपल्याकडेही तेवढीच चार माणसं येणार. बिल्डर भाव सांगताना तालुक्याच्या गावाचा भाव धरतो आणि विकताना गिऱ्हाईक मात्र गावाचा भाव लावतं, हे मधलं अंतर आपल्या खिशातून जातं. त्यामुळे आम्ही घासाघीस करताना लाजलो नाही. बांधून रिकामा पडलेला फ्लॅट ही त्याचीही डोकेदुखी असते.

आता कागद. याच्यावर जरा जास्त बोलते कारण खरा खेळ इथेच आहे.

पहिला प्रश्न विचारायचा तो, इमारत गावठाणात आहे की बाहेर? गावठाणाच्या आतल्या जागेला सातबारा नसतो, तिथे पूर्वापार ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवूनच सगळं चालायचं. आता स्वामित्व योजनेत (२०२० पासून) ड्रोनने मोजणी होऊन बऱ्याच गावांत प्रॉपर्टी कार्ड निघालीत, तुमच्या गावाचं निघालं असेल तर तेच मागा. कारण नमुना ८ म्हणजे घरपट्टी कोणाच्या नावावर आकारली जाते त्याचा उतारा, मालकीचा पुरावा नाही. आम्हाला एका ठिकाणी मालकाने हा उतारा लॅमिनेट करून दाखवला, हे बघा सरकारी कागद, शिक्का आहे, सही आहे. आहे ना, घरपट्टीचा आहे. आणि तलाठ्याकडे मिळतो तो ८-अ हा वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हीत लोक सर्रास गल्लत करतात, कधीकधी मुद्दाम.

गावठाणाच्या बाहेर असेल तर सातबारा आणि एनए, म्हणजे जमीन अकृषिक झाल्याचा कागद. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आलंय, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी अकृषिक मानली जाते, फक्त रूपांतर कर वगैरे भरावा लागतो. हे बिल्डर लोकांना तोंडपाठ असतं, "आपलं २०० मीटरमध्ये बसतंय, एनए लागत नाही" असं सांगून मोकळे होतात. बसत असेलही, पण मग तो कर भरल्याची पावती आणि सनद, म्हणजे अकृषिक झाल्याचा सरकारी दाखला, दाखवा ना. आणि जमीन अकृषिक झाली म्हणजे बांधकामाला परवानगी मिळाली असं होत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. गावठाणाबाहेर हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर तीन मजले उभे असतील तर आपण लांबूनच नमस्कार करायचा. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत नकाशा उलटापालटा करून त्याच्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख शोधली, नव्हती, फाईल बंद करून परत दिली. दोन मिनिटांचं काम. तो फ्लॅट दिसायला सगळ्यात भारी होता बरं का, पूर्व-पश्चिम हवा, मागे शेत.

सातबाऱ्यात लोक फक्त मालकाचं नाव बघतात. खाली 'इतर हक्क' वाचा. तिथे विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतो, कुळाची नोंद असते, आणि गावाकडे हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे बहिणींची नावं. भावांनी जमीन बिल्डरला विकसनाला दिली, कुलमुखत्यारपत्र करून दिलं, आणि बहिणींचं हक्कसोडपत्र "करून घेऊ हो, घरचाच विषय आहे" म्हणून राहिलेलं. घरचा विषय आहे म्हणूनच भीती वाटते! भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय व्यवहारच होत नाही. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे जात बघा, तीस वर्षांचा सर्च (जुन्या कागदांचा शोध) वकिलाकडून करून घ्या, त्याच्या फीत कंजूसपणा नको.

रेराचं, म्हणजे बिल्डरला प्रकल्प नोंदवायला लावणाऱ्या कायद्याचं काय? शहरातले मित्र हाच प्रश्न विचारतात. रेरा कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे, आणि गावातल्या इमारती बहुतेक चार गुंठ्यांत सहा फ्लॅट अशाच असतात, त्यामुळे महारेराच्या साईटवर नाव शोधून काही मिळत नाही. म्हणून बिल्डर "आपल्याला कायदाच लागू नाही" म्हणत असेल तर १९६३ चा मोफा आहे, महाराष्ट्राचा जुना फ्लॅटचा कायदा. त्यात किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच रक्कम आगाऊ घ्यायची मुभा आहे आणि तीसुद्धा घ्यायच्या आधी लेखी करार करून तो नोंदवायचा असतो. इथे पद्धत उलटी, आधी निम्मे पैसे द्या, तेही जमेल तसे रोख, करार पझेशनच्या वेळी बघू. आम्ही नाही म्हटलं. तो जरा रुसला, मग आला.

बँकेची गंमत अजून वेगळी. एका बँकेने पत्ता ऐकूनच मान हलवली, म्हणे एवढ्या लांब आम्ही करत नाही. दुसरीने व्हॅल्युअर, म्हणजे फ्लॅटची किंमत ठरवणारा माणूस, पाठवला. बिचारा आजूबाजूला तुलनेला व्यवहार शोधत होता, पण गेल्या काही वर्षांत शेजारी फ्लॅटची खरेदीखतंच झालेली नाहीत तर तुलना कशाशी करणार? मग तो जमीन आणि बांधकाम खर्च यावरून हिशोब लावतो आणि आकडा करारापेक्षा खाली येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात ९० टक्क्यांपर्यंत देता येतं हे खरं, पण ते टक्के बँक स्वतःच्या मूल्यांकनावर काढते, बिल्डरच्या रेटवर नाही. त्यामुळे स्वतःचे पैसे १० टक्के धरून चालू नका, बरेच जास्त लागतात. तरीही माझा सल्ला असा की पैसे असले तरी थोडं का होईना कर्ज काढा, कारण बँकेचा वकील फुकट कागद तपासतो. फुकट म्हणजे प्रोसेसिंग फी घेऊन, पण तरी. ज्या इमारतीला एकही बँक कर्ज देत नाही ती उद्या आपल्याकडून घेणाऱ्यालाही देणार नाही.

जीएसटीचं पटकन सांगते, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर नाही, चालू बांधकामावर आहे. मेट्रो शहरांच्या बाहेर ९० चौरस मीटर कार्पेट आणि ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५.

पाणी बघायला मात्र एप्रिल-मे मध्येच जा. पावसाळ्यात सगळ्याच इमारतींना पाणी असतं. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे, तो नळाखाली कळशी लावून भरणाऱ्या घराला धरून ठीक असेल, पण फ्लश, शॉवर, वॉशिंग मशीन असलेल्या सहा घरांची टाकी त्यावर भरत नाही. मग बोअर. आम्ही एका ठिकाणी बोअरची मोटर चालू करायला लावली, आधी धो धो, मग दहा मिनिटांनी पाईप खोकायला लागला, माती आली आणि मालक म्हणाला लाईट कमी आहे. ड्रेनेजलाईन गावात नसतेच, त्यामुळे सेप्टिक टँक किती मोठी, कुठे आहे, आणि उपसायला गाडी तिथपर्यंत जाते का हे विचारा. एका इमारतीची टाकी पार्किंगच्या फरशीखाली होती, झाकणच सापडेना, वरून टाईल्स घातलेल्या! विचारल्यावर उत्तर, "पाच वर्षांत काही होत नाही मॅडम."

सोसायटी हा शब्द काढला की सगळे हसतात, सहा घरांची कसली सोसायटी. पण सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच सदस्यांवरही गृहनिर्माण संस्था नोंदवता येते. नोंदवली नाही तर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करणं) कोणाच्या नावावर करणार? जमीन मूळ मालकाच्याच सातबाऱ्यावर राहते, आणि पन्नास वर्षांनी इमारत पाडायची वेळ आली की त्याची नातवंडं विचारणार तुम्ही कोण. सासऱ्यांचं 'पाय जमिनीला' इथे लागू होतं. आम्ही करारात संस्था कधी नोंदवायची, अभिहस्तांतरण कधी, आणि बिल्डरकडे राहिलेल्या न विकलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स तोच भरणार, हे लिहूनच घेतलं. शेवटचं कलम त्याला सगळ्यात जास्त झोंबलं, कारण सहातले दोन रिकामे असले की बाकी चौघांवर पंपाचं बिल, साफसफाई, टाकी सगळं येतं.

करार नोंदला, चावी मिळाली, संस्थेचा प्रस्ताव सहायक निबंधकांकडे गेलाय. सध्या भांडण लिफ्टच्या एएमसीवरून, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावरून चालू आहे. तळमजल्यावाले काका म्हणतात मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, मी एक रुपया देणार नाही, तिसऱ्या मजल्यावरचे सर म्हणतात मग गच्चीवर तुमचे पापड वाळत घालायला कशाने जाता, आणि बिल्डर म्हणतो लिफ्टवाला माणूस जिल्ह्याहून येतो, त्याचं येण्याजाण्याचं भाडं कोण देणार ते आधी ठरवा.