आभाळ आलं की आधी इन्व्हर्टर बंद

द्राक्षवाल्याच्या घरात डिसेंबरातलं आभाळ दोन ठिकाणी बाधतं, बागेत आणि सोलरच्या बॅटरीत. 2024 च्या नोव्हेंबरअखेर फेंजल चक्रीवादळ तिकडं पुद्दुचेरीजवळ धडकलं आणि इकडं तासगावात ऊन गायब. ह्यांची डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या, फवारणीची धांदल, तर माझा डोळा चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत बेतानं सोडणाऱ्या डबीवर.

घर मळ्यात आहे, लाईटचा खांब इथवर आलेला नाही. वर 330 वॉटची दोन सोलर पॅनल, खाली 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, 24 व्होल्टची जोडणी. स्वच्छ ऊन असलं की दिवसाला दोन-अडीच युनिट मिळतात. गच्च आभाळात त्याच्या पाव हिस्सा मिळाला तरी नशीब.

आणि आमचा इन्व्हर्टर? काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी 25 वॉट खातो. चोवीस तासांचे झाले 600 वॉट-तास, म्हणजे 0.6 युनिट. म्हणजे आभाळाच्या दिवशी पॅनलनं कमावलेलं सगळं हाच गिळणार, वर बॅटरीतलंही ओढणार! म्हणून दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग मी थेट डीसीवर, म्हणजे इन्व्हर्टरशिवाय बॅटरीच्याच विजेवर घेतलंय. इन्व्हर्टर लागतो तो भर दुपारी, मिक्सर आणि पाण्याच्या मोटरपुरता. आत्याबाईंना कूट सकाळीच लागतो. त्या खलबत्ता ओढतात आणि मला ऐकवतात, "तुझ्या डबड्याला विचारून स्वयंपाक करायचा होय गं?"

बॅटरी बघायची ती पहाटे, लोड काढून, म्हणजे तिच्यावरचं सगळं बंद करून. 25.4 व्होल्ट म्हणजे भरलेली, 24.4 म्हणजे निम्मी. दुपारच्या आकड्यावर जाऊ नका, चार्जिंग चालू असताना तो फुगलेला असतो. निम्म्याच्या खाली गेली की टीव्ही बंद, मग मालिकेत कुणाचं लग्न मोडत असेना का.

दुकानदार म्हणतो, बॅटऱ्या वाढवा. पण त्या भरायच्या कशानं? लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. त्यापेक्षा कंट्रोलरला झेपत असेल तर पॅनल वाढवावं, ढगातही त्याचं थोडंफार पदरात पडतं. पॅनलचा कल थंडीत 30 अंशांच्या आसपास ठेवला की उन्हाच्या दिवशी फायदा दिसतो. गच्च ढगात उजेड चहूकडून येतो, तिथं कल बदलून फार काही हाती लागत नाही.

आमच्यासारखं बागेला लागून घर असेल तर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) तुषार वाऱ्यानं पॅनलच्या काचेवर येतात, निळसर-पांढरा थर वाळून बसतो. तो सकाळी काच गार असतानाच ओल्या फडक्यानं पुसून काढायचा. आणि ऊन परतलं म्हणून लगेच हात सैल सोडायचा नाही, आधी बॅटरी पूर्ण भरू द्यायची.