तांबूचा पथ्याचा भात

आषाढ संपत आला की आमच्या कोल्हापुरात घरोघरी मटण शिजतं आणि गल्लीतल्या कुत्र्यांची चंगळ होते. हाडं, चरबी, उरलेला रस्सा. लोक मायेनंच घालतात, पण आमची तांबू याच दिवसांत हमखास जुलाबानं आडवी होते. एवढी चरबी एकदम पोटात गेली तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजलेल्या हाडाची कुसळं आतड्याला टोचतात. रश्शातला कांदा-लसूण तर त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो. शेजारी मी सांगून ठेवलंय, घालायचंच असेल तर मसाला पडायच्या आधी बिनचरबीचे, बिनहाडाचे दोन तुकडे उकडून घाला.

तांबू मोठी आणि एरवी धडधाकट, म्हणून आधी बारा तास तिला खायला काही देत नाही. पाणी मात्र तोडायचं नाही. भांडंभर ठेवलं तर गटागटा पिऊन ओकते, म्हणून थोडं थोडं, परत परत. पिल्लाला असं उपाशी ठेवू नये, त्याची साखर पटकन उतरते.

मग भात. पाणी सढळ, बोटानं चिरडेल इतका मऊ. कोंबडीची छाती कातडी-हाडं काढून नुसत्या पाण्यात उकडायची आणि तिचे धागे करून भातात कालवायचे. दोन वाट्या भाताला एक वाटी कोंबडी. मीठ नाही, मसाला नाही, तेलाचा थेंब नाही. सासूबाईंच्या हे फार जिवावर येतं. "मुक्या जनावराला असलं अळणी काय घालतीस गं?" म्हणत तुपाची बरणी काढतात. मी म्हणते, "आई, तापातनं उठलेल्या माणसाला तुम्ही पेजच देता की!" मग बरणी परत फडताळात जाते. त्यांनीच वाफवलेला लाल भोपळा चमचाभर मिसळला की शी बांधून यायला मदत होते.

एका वेळी चारच घास, दिवसातून चार-पाचदा. पोट सावरलं तरी लगेच नेहमीचं जेवण नको. आधी पाव भाग, मग निम्मं, असं करत तीन-चार दिवसांत पूर्ववत आणायचं. नुसत्या भात-कोंबडीवर फार दिवस ठेवूही नये, त्यातून सगळं पोषण मिळत नाही.

दूध अजिबात नाही. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब वाढतात. आणि घरातल्या औषधांच्या डब्याला कृपा करून हात लावू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

शीतून रक्त पडतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्या चिकट किंवा पांढुरक्या दिसतायत, तर भात शिजवत बसू नका, तडक डॉक्टरांकडे न्या. लस न झालेलं पिल्लू असेल तर पार्वो, म्हणजे विषाणूनं होणारा आतड्याचा जीवघेणा आजार, असू शकतो. तिथं सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्र असली तरी उचलून न्यायचं.