डिस्चार्ज कार्ड

“मॅडम, कागद कधी मिळणार? सहाची शेवटची एसटी आहे.” बेड क्रमांक ९ वरच्या आजींचा मुलगा तिसऱ्यांदा विचारत होता. आजी सकाळीच बऱ्या होऊन बसलेल्या, अडलं होतं माझ्या लिहिण्यापाशी.

मे २०२४ पासून विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचा नियम आहे. पण घड्याळ सुरू होतं आम्ही कागद पाठवल्यावर. त्याआधीचा उशीर आमचा!

आता मी नाव, पत्ता, फोन काढून रोजच्या नोंदी एआयला देते. दोन मिनिटांत मसुदा तयार. सोप्या मराठीत गोळ्यांच्या वेळासुद्धा, ‘सकाळी जेवणानंतर एक’ अशा. आजींना तेच कळतं.

परवा मात्र काळजात धस्स झालं. केसपेपरवर लाल शाईने गोल केलेली पेनिसिलिनची ॲलर्जी मसुद्यात आलीच नव्हती. नोंदी टाइप करताना माझ्याकडूनच सुटली, की एआयने गाळली, माहीत नाही. तेव्हापासून मूळ केसपेपर शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचते, मगच सही.

आजींना त्या दिवशी साडेपाचला सोडलं. एसटी मिळाली, मुलाचा फोन आला होता.