डिकीच्या शॉकरसाठी सात आठवडे

दोन वर्षं आमच्या हॅचबॅकची डिकी मॉपच्या दांडक्यावर उभी होती. एका हातानं डिकी तोलायची, दुसऱ्यानं दांडकं चाचपायचं, टेकू लावायचा आणि मग आईचा वॉकर बाहेर काढायचा. ऑक्टोबरात दांडकं सटकलं आणि डिकी आईच्या खांद्यावर आली. फार लागलं नाही, पण घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मला तेवढं पुरलं.

काम काय, तर डिकीचे दोन गॅस शॉकर, म्हणजे उघडी डिकी वर तोलून धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, बदलायचे. दहा मिनिटांचं. मला सात आठवडे लागले, त्यातले सहा एका काउंटरवर.

गाडी सर्व्हिसिंगला देते तिथल्याच पार्ट्सच्या काउंटरवर गेले. मुलानं चासी नंबर टाकला. "मॅडम, मागवावा लागेल. ॲडव्हान्स भरा." भरला. बारा दिवसांनी फोन आला म्हणून ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले, तर खोक्यात एकच शॉकर. पावतीवर संख्येच्या रकान्यात १ होतं आणि मी ते वाचलं नव्हतं, हे मान्य. पण डिकीचा एकच शॉकर कोण मागतं हो? एक ताजा आणि एक मेलेला लावला तर डिकी तिरकी उचलली जाते, लॉक नीट बसत नाही, म्हणून हे जोडीनंच बदलतात. ही माहिती मला त्यानंच दिली. पैसे घेऊन झाल्यावर.

पुन्हा ऑर्डर, पुन्हा ॲडव्हान्स, मध्ये दिवाळी. दुसरा आला तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. त्यांच्याच आवारात दुपारी दोन वाजता बसवून घेतले, डिकी वर राहिली, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भाजी आणायला निघालो तर डिकी वर गेली, क्षणभर थांबली आणि सावकाश खाली यायला लागली.

परत काउंटर. "मॅडम, थंडी आहे." राग याचा की त्यात तथ्य होतं. शॉकरमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, गारठ्यात त्याचा दाब उतरतो. दुपारचे ३२ अंश आणि पहाटेचे १२ धरले तर साधारण सात टक्के जोर कमी. पण सात टक्क्यांनी डिकी खाली येत असेल तर शॉकर मुळातच काठावर आहे, असं मी म्हटलं. त्यावर, "चासी नंबर टाकला की हाच येतो." हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकत होते. परत घेणार का? मागवलेला पार्ट परत घेत नाहीत.

घरी एक शॉकर काढला. (काढताना कुणाला तरी डिकी धरायला उभं करा, हे आधीच सांगायला हवं होतं.) काळ्या नळीवर बारीक अक्षरात २८०एन लिहिलेलं. म्हणजे २८० न्यूटन. दहानं भागलं की अंदाजे किलो. बाथरूममधल्या वजनकाट्यावर फळी ठेवली, शॉकरचा दांडा फळीवर उभा टेकवला आणि दोन्ही हातांनी दाबला. दांडा आत सरकायला लागला तेव्हा काटा साडेअठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे शॉकर खोटा नव्हता. काउंटरवरचा मुलगाही खोटा नव्हता, आणि हे मला अजून आवडलेलं नाही.

मग शनिवारी पुण्यातली नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. दोन गल्ल्या सोडून गाडी लावली. दुकानदार जुना शॉकर हातात घेऊन गाडीपर्यंत चालत आले. डिकीच्या पत्र्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, मग मागच्या दारावर केलं. दार पोकळ वाजलं, डिकी एकदम बद्द. "ताई, आतून डॅम्पिंग मारलंय का?"

मारलं होतं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानं स्पीकर बदलताना डिकीच्या आत ते काळं जाड शीट चिकटवून घेतलं होतं, खडखड थांबावी म्हणून. तीनेक किलो सहज. सहा आठवड्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि नवऱ्यालाही आठवला नव्हता.

तीन किलो ऐकायला काहीच नाही. पण शॉकर बिजागरीच्या अगदी जवळ ढकलतो, वजन मात्र लांब असतं, म्हणून दर शॉकरमागे चाळीसेक न्यूटन जास्त लागतात. दुकानदारांनी आकडेमोड केली नाही, थेट ३२० ची जोडी काढून दिली. लांबी तीच, टोकाच्या वाट्या त्याच. तेवढ्या दोन गोष्टी जुळवून बघा, नाहीतर डिकी बंदच होणार नाही. आणखी जोरदार, ४०० वगैरे, मागू नका. बिजागरीवर ताण येतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच बसवले. वाटीवरची तारेची क्लिप पातळ स्क्रूड्रायव्हरनं थोडीच उचलायची, पूर्ण काढली तर उडते आणि गटारात जाते. माझी एक गेली. डिकी बंद असताना दांडा खालच्या बाजूला राहील असा शॉकर लावायचा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. मेलेला शॉकर कापू किंवा जाळू नका, दाब असतो. शेजारच्या काकांनी मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ ची भीती घातली होती, आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारे फेरफार गाडीत करू नका म्हणणाऱ्या. शॉकर बदलल्यानं आरसीवरचं काहीच बदलत नाही.

आता लॉक सुटलं की हातभर उचलायची, पुढं डिकी आपली आपण वर जाते. बंद करायला मात्र जड झाली आहे आणि वर गेलेली कड आईच्या हाताला लागत नाही, म्हणून बॅगवाल्याकडून पट्टा शिवून आतल्या हँडलला अडकवलाय. आई त्याला दोन्ही हातांनी लोंबकळते.

२८० ची जोडी घरी पडून आहे, दोन आठवडेही वापरलेली नाही. तशीच गाडी असेल आणि डिकीत डॅम्पिंग नसेल तर सांगा.