नाव झाकलेलं असतं म्हणे

बुधवार, रात्री

लेख परत आला. ‘दुरुस्तीसह स्वीकार्य’. सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय, नावं अर्थातच काढलेली. आमचं हे नियतकालिक वर्षातून दोनदा निघतं, सगळे वर्गणीदार एका लग्नाच्या पंगतीत मावतील, पण परीक्षणाच्या बाबतीत संपादकबाई कुणाची गय करत नाहीत. लेखकाचं नाव परीक्षकाला कळायचं नाही, परीक्षकाचं लेखकाला कळायचं नाही.

पहिला अभिप्राय उघडला आणि दुसऱ्याच ओळीत माणूस ओळखला. ‘१५२६च्या फोरालचा उल्लेख नाही.’ झालं! माझा लेख गोव्यातल्या खाजनांतल्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतांतल्या) मानशींवर आहे, म्हणजे भरतीचं खारं पाणी बाहेर अडवणाऱ्या आणि ओहोटीला शेतातलं पाणी नदीत सोडणाऱ्या दारांवर. काळ विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. पण हे गृहस्थ खाजनाबद्दल काहीही वाचोत, अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या फोरालपाशी, म्हणजे सनदेपाशी, येऊन थांबतात. तिसवाडी बेटावरच्या गांवकारांचे, म्हणजे गावच्या मूळ जमीनधारक घराण्यांचे, रिवाज आणि हक्क त्यात नोंदलेले आहेत, गांवकरीवर, म्हणजे त्यांच्या गावसंस्थेवर, लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही, सगळं मान्य. तरी दर वेळी तो मागणारा माणूस एकच. आणि त्यांनी मला ओळखलं नसेल असं थोडंच आहे? बांध कुठल्या गावचे, हे वाचल्यावर लेखकाचं नाव झाकून काय साधणार? खाजनांवर मराठीतून लिहिणारे आम्ही किती? पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एक दुपार काढली तर निम्मे तिथेच भेटतात.

मोठ्या जगातही याहून वेगळं नसतं. १९३६ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच असं म्हणणारा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला, तर आइन्स्टाइन भडकले. आम्ही लेख छापायला दिला होता, छापण्याआधी तज्ज्ञाला दाखवायला नव्हे, असं कळवून त्यांनी तो परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, प्रिन्स्टनमधलेच. त्यांनी पुढे आइन्स्टाइनचे सहकारी इन्फेल्ड यांना गप्पांच्या ओघात लेखातली चूक दाखवून दिली. १९३७ साली लेख दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष पालटला होता. रॉबर्टसनचं नाव जाहीर झालं २००५ मध्ये! लेखी अभिप्रायाने जे झालं नाही ते ओळखीने झालं. हे वाचल्यापासून मला आमच्या त्या फोरालवाल्यांचा राग येत नाही. निदान फारसा येत नाही.

दुसरा अभिप्राय जेमतेम पाच ओळींचा. ‘मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो असं लेखक म्हणतात. पैसे कुणाकडे जातात? मानशीचं दार मोडलं तर खर्च कोण करतो?’ कोण असेल हा? भाषेवरून प्राध्यापक वाटत नाही, संदर्भ एकही मागितलेला नाही. बांधावर उभं राहिलेल्या माणसाचेच प्रश्न आहेत हे.

आणि खरा लेख तिथेच आहे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल कोमुनिदादींकडून (गांवकरीचंच हे पोर्तुगीज नाव) कुळांच्या संघटनांकडे आली. लिलावाचा पैसाही त्यांच्याकडे. भातात हाती काही लागत नाही, मासळीला भाव आहे. मग दार थोडं किलकिलं राहिलं, खारं पाणी आत आलं, तर ते घाईने बंद करायची गरज कुणाला वाटणार? लिलावात मानशीतली मासळी घेणाऱ्याला तर ते हवंच असतं. शेजारी ज्याचं भाताचं शेत आहे त्याने बोंब मारायची. माझ्या लेखात हे चार ओळींत आहे, त्याची चार पानं व्हायला हवीत. फोराल तळटिपेत बसेल.

दुपारी बाईंचा फोन. एक लेख पाठवलाय, परीक्षण करा. उघडला, पहिलं पान वाचलं आणि हसू आलं. नाव नाही, पण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘असो’ लिहिणारा या विषयात दुसरा कोणी नाही. बाईंना कळवलं, मी लेखक ओळखलाय, दुसऱ्या कुणाला द्या.

“सर, तुम्ही ओळखला नसता तर मला काळजी वाटली असती,” त्या म्हणाल्या. “आणि दुसरा कोण आहे ते सांगा, मी त्यांना देते.”

सांगता आलं नाही. उरलेल्या एकाचाच तर तो लेख!

बाई वाचतात, हे मोठं आहे. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची केअर यादी होती तेव्हा कॉलेजातली पोरं पहिला प्रश्न विचारायची, ‘यादीत आहे का?’ नसेल तर लेख तिकडे पाठवायचा नाही. २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने यादी बंद केली, आता विचारतात ‘आयएसएसएन आहे का?’ पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडेही नियतकालिकाचा तो आठ आकडी ओळख क्रमांक असतो. लेख वाचायला माणूस असेलच असं नाही.

तर परीक्षण लिहायला बसलो. लेख चांगला आहे, तिसरा भाग पसरट. मी पहिलाच प्रश्न लिहिला, लिलावाचे पैसे कुणाकडे जातात? चोरलेला प्रश्न, पण चालेल. खाली सही करावी असं मनात आलं, लपवाछपवी कशाला? बाईंना तसं विचारलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात मडगावच्या परिसंवादात तुम्ही दोघं शेजारी बसणार आहात. तोवर दम धरा.”